स्वभाव म्हणून सोडून दिलेला आजार

"हा तुमचा स्वभाव नाही, थायरॉइड आहे," असं म्हणून पेणच्या फिजिशियन बाईंनी रिपोर्ट पुढे सरकवला. हायपरथायरॉइडिझम, म्हणजे गळ्यातली ग्रंथी गरजेपेक्षा जास्त हार्मोन तयार करते. छाती धडधडते, हात कापतात, झोप उडते. काहींच्या मनात संशय घर करतो.

पापडाचा धंदा मी संशयावरच उभा केला. उडीद डाळीच्या पोत्यातली तळाची मूठ बघितल्याशिवाय मी भाव बोलत नाही. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी पापड लाटणाऱ्या बायांच्या पिशव्या तपासू लागले, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. दुप्पट जेवूनही माझे ब्लाउज सैल होत होते. मी ठरवलं, सुनंदा चहात काहीतरी घालते. वरशा गावाहून येऊन पंधरा वर्षं माझ्याकडे पीठ मळणारी बाई. तिला मी सगळ्यांदेखत चेटकीण म्हटलं आणि हाकललं.

आधीच्या डॉक्टरांवर माझा राग आहे, आणि तो राहणार. तीनदा गेले, तीनदा झोपेची गोळी दिली. "डोकं शांत ठेवा." माझी थरथरती बोटं त्यांच्या टेबलावरच होती. शेवटी मुलीने या बाईंकडे नेलं. त्यांनी गळा चाचपला, टीएसएच सांगितली. ही साधी रक्ताची तपासणी.

"मग मी वेडी नाय?"

"भांडखोर आहात, वेड्या नाही," बाई हसल्या. "संशय दिसला की लगेच स्किझोफ्रेनिया म्हणायचं नसतं. बी-ट्वेल्व्हची कमतरता, स्टेरॉइडच्या गोळ्या, म्हाताऱ्यांना लघवीचं इन्फेक्शन, यांनीही असं होतं."

गोळ्यांनी आधी हात थांबले, मग झोप आली. संशय सगळ्यांत शेवटी गेला. एका सकाळी चहा संपवला आणि ध्यानात आलं, मी आधी वास घेतला नव्हता.

तशीच वरशाला गेले. सुनंदाने दारातच उभं केलं. मी रिपोर्ट पुढे केला, तिने हात लावला नाही.

"आजार तुमचा, पण नाव माझं गेलं, वहिनी. बायांसमोर बोल्लात, आता बायांसमोरच सांगा."

तुमच्या घरातलं माणूस एकाएकी संशय घेऊ लागलं, तर स्वभावावर ढकलू नका. रक्त तपासा. उशीर झाला की दुसऱ्या कुणाला तरी भोगावं लागतं.

सोमवारी सुनंदा आली. लाटणी थांबली. मी उभी राहून म्हटलं, "सुनंदाने काहीच घातलं नव्हतं. मी आजारी होते. चूक माझी."

सुनंदाने पदर खोचला, परातीतल्या पिठावर बोट दाबलं.

"ह्ये कुणी मळलंय गो? दगड झालाय नुसता."

आणि ती खाली बसली.