तारेपलीकडची पिवळी

माझी मावशी ड्रायव्हिंग शिकवायची. शिकवायची म्हणजे ओरडायची. तिच्या गाडीत तिच्या बाजूलाही एक जादा ब्रेक होता, आणि तो ती इतक्या जोरात दाबायची की शिकणाऱ्याचं कपाळ स्टीअरिंगपर्यंत जाऊन यायचं. अर्ध्या गावाने तिच्याकडून लायसन काढलं आणि जाताना तिला ब्रेकबाई हे नाव ठेवून गेलं. तोंडावर म्हणायची हिंमत कुणाची नव्हती. अपवाद एकच, तिच्या जावेचा.

जाऊ तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. तिचं पडद्यांचं दुकान होतं. लोकांच्या खिडक्या मोजायच्या, कापड दाखवायचं, शिवून टांगून द्यायचं. गळ्यात कायम टेप. मावशी तिला पडदेवाली म्हणायची, तेही ती ऐकेल अशा बेताने. दोघींमध्ये विस्तव जात नव्हता. भांडण कशावरून सुरू झालं हे मी दोघींनाही वेगवेगळं विचारून पाहिलंय. दोघींनीही मला बाहेरचा रस्ता दाखवला.

काका, म्हणजे मावशीचे यजमान, अचानक गेले आणि घराच्या वाटण्या झाल्या. खालचा मजला मावशीला, वरचा धाकट्या दिराला आणि जावेला. दीर स्वभावाने गरीब. पोस्टात होते. बायकोसमोर आणि वहिनीसमोर सारखेच गप्प बसायचे. राहिली मागची बाग. ती जावेने टेप लावून मोजली आणि मधोमध तार ओढली. मोजणी चोख होती, इंचाचा फरक नव्हता. फक्त खालच्या उताराची काळी माती तिच्याकडे गेली, आणि भिंतीलगतचा उंचवटा मावशीकडे आला. घर बांधताना उरलेला विटांचा चुरा, खडी आणि चुना तिथेच पसरलेला होता.

"इथे काय उगवणार गं?" मावशीने विचारलं.

"तुम्हाला काय, वहिनी, तुम्हाला सवय आहे. रस्त्यावरच आयुष्य गेलं तुमचं."

मावशी तशीच चपला घालून नर्सरीत गेली. मी तिच्याबरोबर होते. नर्सरीवाल्याने आयरिस दाखवल्या. उंच दांडे, पुरीएवढी फुलं, झालरी, तीन तीन रंग. मावशीने एक दांडा बोटाने हलवला.

"वारा आला की?"

"काठी लावायची शेजारी."

"म्हणजे आयुष्यभर हात धरून चालवायची. नको. ते काय आहे मागे?"

मागे, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा फळीवर, वीतभर उंचीच्या पातीचे ट्रे होते. नर्सरीवाला म्हणाला, "त्या मूळ जातीच्या आहेत. माणसाने मिसळून केलेल्या नाहीत, डोंगरात जशा उगवतात तशाच. गिऱ्हाईक घेत नाही. फूल बोटाएवढं येतं, आणि खत घातलं, पाणी घातलं की मरतात."

"विटांचा चुरा चालतो?"

"विटांचा चुरा मागतात."

"मग हेच द्या," मावशी म्हणाली. आवडलं म्हणून घेतलं नाही, हे मी खात्रीने सांगते. जावेला दाखवायला घेतलं.

पण पुढे ती त्यात बुडाली. मूळ जातीच्या आयरिसचं एक आहे, तुमच्या सोयीने त्या वागत नाहीत. ज्या जागेतून आल्या तशी जागा दिली तर आनंदाने राहतात, नाहीतर सरळ कुजून दाखवतात. मावशीला असली तत्त्वाची मंडळी आवडायची. तिने त्या उंचवट्याचे कोपरे ओळखून घेतले. ऊन कुठे पडतं, पाणी कुठून निथळतं, भिंत कुठे तापते. सगळ्यात कोरड्या जागी तिने कांद्यासारखे कंद लावले. थंडी सरायच्या आत, बाकी सगळं मेल्यासारखं असताना, त्यांना घोट्याएवढ्या उंचीची गडद जांभळी फुलं यायची. उन्हाळ्यात ते कंद जमिनीखाली झोपायचे आणि तेव्हा त्यांना थेंबभरही पाणी चालायचं नाही. तापलेल्या भिंतीच्या पायथ्याशी भर हिवाळ्यात फुलणारी फिकी जांभळी लावली. तिची फुलं पातीत लपून बसतात, हात घालून शोधावी लागतात आणि वास मधासारखा असतो. जावेच्या जिन्याखालच्या सावलीत मात्र तिने एक वेगळीच जात लावली. फूल मळकट, पण शेंगा फुटल्या की केशरी बिया मण्यांसारख्या दिसतात. आणि पान चुरगळलं की कच्च्या मांसाचा वास येतो.

"जिन्याखाली कसला वास येतो हो?" जाऊ विचारायची.

"तुझी पोतडी घासते त्या पानांना येता-जाता. जरा बेताने चालत जा."

अशी बरीच वर्षं गेली. मावशी निवृत्त झाली, गाडी विकली. बीपासून रोपं करायला लागली. बी पेरायचं, कुंडी थंडीत उघड्यावर ठेवायची आणि मग वाट बघायची, कधी कधी फूल यायला चौथं वर्ष उजाडायचं. विद्यार्थ्याला चार मिनिटं न देणारी बाई कुंडीला चार वर्षं द्यायची. मी तिला एकदा हे बोलून दाखवलं. "कुंडी उलट बोलत नाही," ती म्हणाली.

मग जावेने वरच्या गॅलरीत कापड धुवायची सोय केली. नवीन कापड आटतं, म्हणून शिवण्याआधी भिजवायचं. मोठा टब, नळ, आणि त्याचं पाणी जायला एक पाईप. तो पाईप तिने भिंतीवरून खाली सोडला तो नेमका मावशीच्या कोरड्या वाफ्यावर. ऐन उन्हाळ्यात, कंद झोपलेले असताना, रोज बादल्याच्या बादल्या पाणी वाफ्यात उतरायला लागलं. मावशी तेव्हा माझ्याकडे राहायला आली होती. परत गेली आणि माती उकरून बघितली, तर कंदांच्या जागी करडा लगदा. वास मारत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती जिन्याच्या तळाशी उभी राहून जे ओरडली ते गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. खून, दरोडा, नीच, नालायक, सगळं आलं त्यात. वरून जावेने गॅलरीतून वाकून पाहिलं.

"झालं? की अजून आहे?"

"तू मुद्दाम केलंस!"

"मला स्वप्न पडलं होतं का, तुमचे कांदे मातीत निजलेत म्हणून? तिथे खडी दिसते नुसती. मला वाटलं, पडीक आहे."

दीर मागून हळूच म्हणाले, "वहिनी, पाणी आहे ते. खाली येणारच."

"तुम्ही बोलू नका, भावोजी. तुमच्या तोंडून आवाज आला की मला दचकायला होतं."

पाईप हलला नाही. आठवडा गेला. मग मावशी नर्सरीत गेली आणि तिने विचारलं, "पाण्यात पाय बुडवून उभी राहणारी आयरिस कोणती? आणि सगळ्यात हावरी कोणती?"

नर्सरीवाला आता तिचा चांगला ओळखीचा होता. त्याने हातातला पाईप खाली ठेवला. "ओढ्याकाठची पिवळी. पण ती मी विकत नाही, आणि तुम्ही आणू नका. घरच्या बागेची नाही ती. गड्ड्याला गड्डा फुटत जातो, आल्यासारखा, आणि मग ती थांबत नाही."

"थांबायला सांगितलंय कुणी?"

तिने गावाबाहेरच्या कालव्याच्या काठावरून स्वतः फावड्याने गड्डे खणून आणले आणि तारेला लागून, पाईपाच्या धारेखाली, ओळीने लावले. मी तिला विचारलं, हे कशासाठी? "पाणी दिलंय ना तिने, मग पीकही तिलाच," ती म्हणाली. बेत सरळ होता. पिवळी तारेखालून पलीकडे घुसेल, जावेची हिरवळ खाईल, जाऊ बोंबलेल.

पिवळी घुसली. दुसऱ्या वर्षी छातीएवढी पात, आणि वर लखलखीत पिवळी फुलं. तारेच्या पलीकडे तर अलीकडच्यापेक्षा जोरात. मावशी रोज खिडकीत उभी राहून बोंब ऐकू यायची वाट बघत होती. एक दिवस जाऊ कात्री घेऊन बागेत आली. मावशी बाहेर धावली.

"वहिनी," जाऊ म्हणाली, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं काहीतरी बघण्यासारखं आलं." आणि मोठा जुडगा कापून दुकानाच्या काचेत ठेवायला घेऊन गेली.

मावशी दोन दिवस जेवली नाही म्हणते. मला वाटतं एक वेळ जेवली नसेल. पण त्या पिवळीचा तिने तेव्हापासून जितका राग केला तितका जावेचाही केला नसेल. उपटायची मात्र नाही. उपटली असती तर हरल्यासारखं झालं असतं.

जे व्हायचं होतं ते एका पावसाळी आठवड्यात झालं. तारेच्या बुडाशी घराच्या सांडपाण्याचं चेंबर होतं. वरच्या मजल्याचं, खालच्या मजल्याचं, सगळं पाणी तिथून जायचं. पिवळीच्या मुळ्या त्याच्या भेगांतून आत शिरल्या होत्या आणि आत दोरखंडासारख्या वळल्या होत्या. चेंबर तुंबलं. आता तुंबलेलं पाणी कुठे येणार? वरच्या मजल्यावर तर नाही. गाड्यांची सगळी कळ ज्या बाईला ठाऊक होती, तिच्या डोक्यात हे आलंच नव्हतं.

मी पोचले तेव्हा मावशी स्वयंपाकघरात घोट्याएवढ्या पाण्यात उभी होती. ओट्याखालच्या जाळीतून जावेच्या मोरीतलं साबणाचं पाणी बुडबुडत वर येत होतं. वर नळ चालूच होता. जाऊ जिन्यावर येऊन उभी राहिली.

"बागायत घरात आली वाटतं."

मावशीने फावडं घेतलं आणि पावसातच खणायला सुरुवात केली. गड्डे मनगटाएवढे, एकात एक अडकलेले. त्यांचा चीक अंगाला लागला की आग होते. तासाभरात तिच्या हातावर लाल पट्टे उठले. मी हातमोजे आणून दिले, तिने फेकून दिले. दीर गपचूप खाली उतरले, कुदळ घेऊन तिच्या शेजारी उभे राहिले.

"वर जा, भावोजी. तुमची कंबर."

"राहू द्या, वहिनी."

इतकं बोलून त्यांनी कुदळ मारली आणि पहिल्याच घावात कंबर धरून खाली बसले. वरून किंचाळी आली. जाऊ धावत खाली आली, दिरांना उठवून मी जिन्यावर बसवलं. ती वर परत जाईल असं वाटलं. पण तिने खणलेल्या चराकडे पाहिलं आणि तिला राहवलं नाही.

"हे काय खणलंय? साप गेल्यासारखं. एका रेषेत घ्या."

"तू शहाणपण शिकवू नकोस."

"मग वाकडं खणा आणि पोहा स्वयंपाकघरात!" असं म्हणत तिने कुदळ उचलली.

दोघी संध्याकाळपर्यंत खणत होत्या. एक शब्दही गोड नाही. एक गड्डा दोघींनी मिळून ओढला तेव्हा तो सुटला आणि दोघी चिखलात बसल्या. मला वाटलं, आता हसतील. हसल्या नाहीत. जाऊ म्हणाली, "पाईप नडत होता हे सांगायचं होतंत, हलवला असता."

"सांगितलं होतं!"

"ओरडला होतात. सांगितलं नव्हतं."

मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. तिचं तोंड असं मिटलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. मग ती म्हणाली, "आणि तुला खाली बघता येत नव्हतं? खिडक्या मोजतेस ना दिवसभर?" जाऊ गड्डे पोत्यात भरत राहिली.

पाईप हलला. समेट झाला म्हणून नाही, तर चेंबर दुरुस्त करणारा प्लंबर म्हणाला, तो चेंबरला जोडल्याशिवाय मी हात लावणार नाही, म्हणून. तार तशीच राहिली. पिवळीचे कोंब काही वर्षं डोकं वर काढत राहिले, आणि दोघी आपापल्या बाजूने ते उपटत राहिल्या. मावशीच्या हातांवरचे डाग पूर्ण गेले नाहीत.

दीर नंतर आजारी पडून गेले. घरात त्या दोघीच उरल्या, एक खाली, एक वर. लोकांना वाटलं, आता जवळ येतील. उलट मधलं माणूसच गेलं. कधी कधी महिनाभर जिन्याच्या दाराची कडीसुद्धा वाजायची नाही.

गेल्या वर्षी जाऊ तारेपाशी येऊन उभी राहिली. तिच्या उताराच्या ओल्या मातीत हिरवळ धरत नव्हती. "आयरिसचं काही द्याल का?"

"तुला? एक पातही देणार नाही." मावशी कोरड्या वाफ्यातलं गवत वेचत होती. कंदांची नवी रोपं तिने पुन्हा बीपासून केली होती. खाली बघूनच ती पुढे म्हणाली, "नर्सरीत जा. निळी माग, ओल्या कुरणातली, उंच, बारीक पातीची. ओल चालते तिला आणि जागच्या जागी राहते. तो झालरवाली गळ्यात मारेल, घेऊ नकोस. तुला झालर दिसली की भान राहत नाही."

जाऊ निळी घेऊन आली आणि तिने गड्डे अर्धे उघडे ठेवून लावले, झालरवाल्यांना लावतात तसे. मावशी तारेजवळ आली.

"झाक त्यांना. दोन बोटं माती घाल वरून. मारायचे आहेत का?"

"पाकिटावर लिहिलंय उघडे ठेवा म्हणून."

"ते झालरवालीच्या पाकिटावर लिहिलंय. वाचता येतं ना, की नुसतं मोजता येतं?"

जावेने माती ओढली. मी मधे पडून म्हटलं, मावशी, तूच पलीकडे जाऊन लावून दे ना. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहा टाकायला आत गेले. चहा दोनच कप केला. तिसरा कर म्हणून ती म्हणाली नाही, आणि मीही केला नाही.