निघायची रेघ

“पाण्याला तुमची रेघ वाचता येत न्हाई, बाई.”

हे सांगताना मावशी उजव्या हाताचे बोट हवेत आडवे ओढायच्या. ज्येष्ठ महिन्यात त्या बोटाला हमखास गेरू लागलेला असे. आमच्या गल्लीत त्यांना सगळे मावशी म्हणत आणि त्यांच्या यजमानांना काका. मी त्यांच्या शेजारची, गल्लीच्या वरच्या टोकाला असलेल्या शाळेत शिकवणारी; म्हणून मी ‘बाई’.

सांगलीत नदीकाठच्या वस्तीत तुम्ही फिरला असाल, तर घरांच्या भिंतींवरच्या रेघा तुमच्याही नजरेस पडल्या असतील. महापूर ओसरला की पाणी जिथवर चढले होते तिथे रंगाची रेघ ओढतात. पुढे पाहुण्यांना ती दाखवली जाते, आणि दाखवणाऱ्याच्या आवाजात थोडा अभिमानही असतो. पुन्हा पुराची बातमी आली की सामान त्या रेघेच्या हातभर वर चढवायचे आणि निर्धास्त व्हायचे, ही आमची रीत. माझ्या बाहेरच्या खोलीतली रेघ तर मी पट्टी लावून ओढली होती.

मावशींची रेघ घरात नव्हती. ती गल्लीमागच्या नाल्याच्या भिंतीवर, अगदी खाली होती. आमच्याकडे पाणी नदीच्या बाजूने, समोरून येत नाही. नदी फुगली की नाला उलटा वाहू लागतो आणि पाणी पाठीमागून घरात शिरते. मावशींनी हे पहिल्याच पुरात पाहून ठेवले होते. दर ज्येष्ठात त्या वाटीत गेरू कालवायच्या आणि नाल्याच्या भिंतीवर बोटाने जुनी रेघ उजळायच्या.

“तुमच्या रेघा पाणी कुठवर आलं त्याच्या. ही निघायची रेघ. हितं पाणी लागलं की हातातला चहाचा कप सुदिक तसाच ठिवायचा.”

इतकी घाई कशासाठी, हे गल्लीला माहीत होते. काका हळदीच्या बाजारात हमाल होते. अर्धांगवायूने त्यांची उजवी बाजू गेली आणि ते खाटेला खिळले. “जन्मभर पोती उचलली, आता माझंच पोतं झालंय,” असे ते स्वतःच म्हणत. त्यांना उचलून शाळेच्या वरच्या मजल्यावर न्यायला चार माणसे आणि कोरडा रस्ता लागे. गल्लीत एकदा कमरेएवढे पाणी झाले की त्यांना बाहेर काढणे कोणालाच जमले नसते. मावशींच्या सगळ्या तयारीच्या मुळाशी हा एकच धसका होता.

म्हणून दर वर्षी, कोरड्या ठणठणीत दिवशी, त्या काकांना शाळेत नेण्याची तालीम करायच्या. काकांच्या जुन्या टोळीतले चौघे हमाल यायचे आणि काकांना खांद्यावर घ्यायचे. समोरच्या आजी उंबऱ्यात बसून टोमणा मारायच्या, “काय गं, नवऱ्याची वरात काढलीस होय? बँडवाले कुठं गेले?”

खांद्यांवरून काका उत्तर द्यायचे, “आवं आजी, पुढच्या वर्षी तुमाला बी बसवतो की शेजारी!”

पहिल्या तालमीत त्यांना खाटेसकट नेले, तर शाळेच्या जिन्याच्या वळणावर खाट अडकली. ती पुढे जाईना आणि मागेही येईना. काका तिरके लटकले. “ऱ्हाऊ द्या रं गड्यांनो. मला हितंच उभा करा, पुतळा म्हणून. पोरं हार घालतील.” चौघांना हसू आवरेना. मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पदराच्या टोकाने वळणाची रुंदी मोजली, आणि पुढच्याच आठवड्यात एका दणकट लाकडी खुर्चीला दोन्ही बाजूंनी बांबू बांधून घेतले. ती डोली त्या वळणावरून सहज गेली. विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते की चूक तालमीत झाली तर तिचे आभार मानावेत. हे मी त्या जिन्यावर शिकले.

मावशींचे माहेर आटपाडीकडचे. पाण्यासाठी कोस कोस चाललेली ही बाई पुराच्या गावात नांदायला आली होती. त्यांच्या पुराच्या पिशवीत औषधे, काकांचे कागद, मेणबत्ती आणि कोरडे कपडे असत. पण घर सोडताना सगळ्यात आधी झाकण बांधलेली पाण्याची कळशी बाहेर निघे. “पुरात पाणीच पाणी, मावशी, आणि तुम्ही कळशी भरता?” असे मी एकदा म्हणाले होते. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की वर्गात चुकीचे उत्तर देणाऱ्या मुलाला काय वाटत असेल ते मला कळले.

त्यांची मुलगी वाईला दिलेली. पाऊस लागला की तिचा फोन यायचा. कृष्णा आधी तिच्या दारावरून जाते, मग आमच्या. घाटाच्या किती पायऱ्या पाण्याबाहेर उरल्या, एवढेच ती सांगायची. तेवढे ऐकून मावशी नाल्याकडे निघायच्या.

तो दिवस मला तासातासाने आठवतो. शाळेला पुराची सुट्टी होती. आदल्या दिवशी वाईहून निरोप आला होता की घाटाच्या पायऱ्या दिसत नाहीत. सकाळी साडेदहाच्या सुमारास मावशी माझ्या दारात उभ्या राहिल्या. पाय चिखलाने माखलेले, आवाज मात्र बारीक.

“रेघ भिजली, बाई.”

मी त्यांच्याबरोबर त्यांच्या घरी गेले. काकांना त्या दिवशी ताप होता. डॉक्टरांनी हलवू नका म्हणून सांगितले होते. चौघांपैकी दोघेच आले. उरलेले दोघे बाजारात हळदीची पोती वर चढवण्यात गुंतले होते. गल्ली कोरडी होती. मी घड्याळ पाहिले, मागच्या पुराचा वेग मनात मांडला आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, “मावशी, पाणी घराशी यायला संध्याकाळ होईल. तोवर ताप उतरेल, चौघेही येतील. एवढ्या पावसात त्यांना भिजवणं बरं नाही.”

आमच्या डोक्यावर पत्रा वाजत होता. खाटेवरून काका क्षीण आवाजात म्हणाले, “बाई शिकलेल्या हाईत. थांबू या की.”

“तुमी गप ऱ्हावा,” मावशी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी ते गेरूचे बोट हवेत आडवे ओढले. “पाण्याला तुमची रेघ वाचता येत न्हाई, बाई. ताप उतरंल. पाणी न्हाई उतरायचं.”

हमालांनी काकांना खुर्चीत बसवले आणि मावशींनी मागून एका बांबूचे टोक धरले. दुसरे मी धरले. मला ते पटले होते म्हणून नव्हे. त्या एकट्या मागच्या बाजूला उभ्या होत्या म्हणून. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले काका, त्यांच्या मांडीवर कळशी, आणि उंबऱ्यातून समोरच्या आजी ओरडत होत्या, “अगं, आजारी माणसाला कुठं नेतेस? पाणी कुठाय?”

पाणी आम्हाला गल्लीच्या मध्यावर भेटले. आधी ते गटारांतून वर आले, मग घोट्यापर्यंत, आणि शाळेच्या फाटकाशी पोटरीपर्यंत. माझी चप्पल वाहून गेली. जिन्याच्या वळणावर पुढच्या हमालाने सवयीने हाक दिली, “काका, डोकं आत!” आणि काकांनी डोके आत घेतले.

दुपारी एकच्या आत गल्लीत छातीएवढे पाणी होते. समोरच्या आजींना छपरावरून बोटीत उतरवावे लागले. माझ्या घरात रेघेच्या हातभर वर ठेवलेली पेटी, तिच्यातली माझ्या आईवडिलांची छायाचित्रे, सगळे पाण्यात गेले. शाळेतले नळ कोरडे पडले. टँकर येईपर्यंत वरच्या मजल्यावरची लहान मुले मावशींच्या कळशीतले पाणी वाटीवाटीने प्याली. “मी संध्याकाळ म्हणाले होते,” मी त्यांना म्हणाले. त्यांनी वाटी माझ्यापुढे केली. “प्या. घसा सुकलाय तुमचा.”

त्यानंतर दोन वर्षांनी काका गेले. ऐन हिवाळ्यात, कोरड्या अंथरुणात, झोपेत. मावशी मुलीकडे वाईला राहायला गेल्या. जाताना गेरूची वाटी आणि बांबूची खुर्ची माझ्या ओसरीत ठेवली. “कुणाला तरी लागंल,” म्हणाल्या. मग पाऊस लागला की त्यांचा फोन यायचा. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. “धा पायऱ्या उरल्या, बाई. रेघ बघा.”

यंदाही फोन आला. आवाज मुलीचा होता. मावशी वैशाखातच गेल्याचे तिने सांगितले. मग म्हणाली, “आईनं सांगून ठेवलं होतं, पाऊस लागला की आधी बाईंना फोन लाव. चार पायऱ्या उरल्या आहेत.”

मी छत्री घेऊन नाल्यावर गेले. ज्येष्ठात मी ओढलेली रेघ अजून दोन बोटे कोरडी होती. परत येऊन चौघा हमालांना निरोप धाडला, कळशी भरली आणि खुर्ची उचलून समोरच्या आजींच्या दाराशी नेऊन ठेवली. गेल्या वर्षापासून त्यांना चालता येत नाही.

आजींनी खुर्चीकडे पाहिले, मग आकाशाकडे. गल्ली अजून कोरडी होती. त्यांनी बसण्यासाठी माझ्यापुढे हात केला.