सोफ्यावर मावणारा उंडो

मला आयुष्यात आजवर कुणीही फसवलेलं नाही. गोव्यात साखळीला माझं फर्निचरचं दुकान आहे आणि खिशात सदैव मापाची टेप असते. (लग्नाच्या मांडवातही होती. बायको, सुलभा, अजून ऐकवते.)

तेव्हा कुत्रं घ्यायला वास्कोला गेलो तो पुरता सावध होऊन. घरी दुकानातलाच नवा सोफा आणला होता आणि सुलभाची अट एकच, कुत्रं लहान हवं : "सुणो हाडात, पूण ल्हान हाडात!" पिल्लं विकणाऱ्या मिंगेलबाबकडचं पिल्लू तळहातावर मावत होतं. तरी मोठेपणी ते केवढं होणार, हे मी करड्या आवाजात विचारलं, "व्हड जाल्यार केदो जातलो?"

"भियेनाका, पात्रांव! सोप्यार आरामान मावतलो!"

पात्रांव म्हणजे मालक. माणूस एकदम आवडला! 'सोप्यार' जरा खटकलं, पण भोवती पिल्लं केकाटत होती. सोफ्यालाच म्हणत असणार! फर्निचरवाल्याच्या कानाला दुसरं काय ऐकू येणार?

पिल्लू दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराच्या टोपलीतल्या गोल पावासारखं, म्हणून त्या पावाचंच नाव ठेवलं : उंडो. आधी तो सोफ्याच्या एका उशीवर झोपायचा. मग दोन उशा लागल्या. मग डोकं सोफ्याच्या या टोकाला आणि शेपटी त्या टोकाला! पोदेर फाटकाबाहेरूनच पाव फेकू लागला. आणि एके दिवशी उंडो अंगणातून धावत येऊन जो सोफ्यावर बसला, तो सोफ्याचा पायच मोडला. जन्मभर हलणार नाही असं गिऱ्हाइकांना मीच छातीवर हात ठेवून सांगतो, तो पाय!

"हो सुणो न्हय, पाडो!" वासराएवढ्या उंड्याकडे बघत सुलभा कडाडली. "आतां घरांत एक तर सोफो ऱ्हवतलो, नाजाल्यार उंडो!"

उंड्याला गाडीत कोंबून आम्ही दोघं वास्कोला पोचलो. मी उतरलो तोच तोंड सोडत.

"मिंगेलबाब, तुमी म्हाका फटयलो! सोफ्यार मावतलो म्हणिल्लें!"

"सोफ्यार? हांवें सोप्यार म्हळें, पात्रांव! सोपो!" त्यांनी घरापुढच्या ऐसपैस ओसरीकडे बोट केलं. तिथे या भिंतीपासून त्या खांबापर्यंत उंड्याची आई पसरली होती. आरामात मावली होती.

मी टेप काढून मोजलंसुद्धा. माप बरोबर होतं, कप्पाळ!

"बरें तर, परत दी. बदलाक ल्हान दितां," म्हणत मिंगेलबाबनी उंड्याचा पट्टा धरला. उंडो घाबरून सुलभाच्या मागे लपला. (मावला नाही.) त्याने तिच्या पदरात नाक खुपसलं मात्र, आणि ती उसळली, "हात लावंनाकात ताका! आख्ख्या डिचोली तालुक्यांत आसा काय असलो सुणो?"

खरंच नव्हता! माझी छाती अशी फुगली की टेप पुरली नसती. पट्टा ओढून घेतला आणि तिघंही ताठ मानेने घरी आलो.

आता थेट पेडण्याहूनसुद्धा माणसं सोफा बघायला म्हणून येतात आणि उंड्याबरोबर फोटो काढून जातात. "मीच निवडला!" असं मी प्रत्येकाला सांगतो. सोफ्याला सागाचे नवे पाय बसवलेत.

म्हणून पुन्हा सांगतो, मला कुणीही फसवलेलं नाही. सोप्यावर आरामात मावेल असं मिंगेलबाब म्हणाले होते, ते अगदी खरं ठरलं. आमच्या सोप्यावर मी मावतो. सोफ्यावर उंडो असतो.