पार्सल आजाऱ्याला

भूक लागली की माणसाला फक्त अन्न लागतं, असं तुम्हाला खरंच वाटतं? वाटत असेल तर तुमची आणि अब्बासमामूंची गाठ पडायला हवी होती. भरल्या हॉटेलात तुम्ही एकटे कोपऱ्यात जेवताना दिसला असतात, तर ओळखदेख नसताना ते तुमच्या समोर येऊन बसले असते, तुमच्या ताटातला कांदा उचलून तोंडात टाकला असता आणि विचारलं असतं, "कुठल्या गावचा रे तू?"

मला त्यांनी असंच विचारलं. ओमानमधल्या सलाला शहरात बागा आणि रस्ते राखणाऱ्या एका कंपनीत मी स्टोअरकीपर म्हणून नवा होतो. मामू तिथे मजुरांची बस चालवत. गाव पूर्णगड. मी रत्नागिरीचा म्हणताच त्यांनी माझं ताट उचललं आणि आपल्या टेबलावर नेऊन ठेवलं. मी ताटामागून गेलो. तिथे आपल्या जिल्ह्यातली पाच-सहा माणसं बसली होती. जागा नव्हती. मामू म्हणाले, "सरका रे. सरकलं की जागा होते."

आखातातल्या पावसाचं सांगितलं तर इथे कुणी विश्वास ठेवत नाही. पण सलालाला पावसाळा असतो. जूनच्या अखेरीस डोंगरावर धुकं उतरतं, बुरबुर सुरू होते आणि उघडे डोंगर आपल्या कोकणातल्या कातळाच्या सड्यासारखे हिरवे होतात. तिथे त्याला खरीफ म्हणतात. साऱ्या आखातातली कुटुंबं गाड्या भरभरून भिजायला येतात. आम्ही सुरुवातीला हसायचो. आपल्याकडे एवढ्या पावसात कुणी छत्रीसुद्धा उघडत नाही. पण हसणं दोन दिवस टिकायचं. उन्हाळ्याच्या आगीत जी माणसं कुरकुर न करता राबत, ती या बुरबुरीत मुकी व्हायची. घरी भाताची लावणी चालू असणार, हे प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसायचं.

मामूंकडे त्यावर एक उपाय होता. गुरुवारी संध्याकाळी काम सुटलं की आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून सगळ्यांनी बाहेर जेवायला जायचं. खोलीवर आणून नाही. "पार्सल आजाऱ्याला न्यायचं. आपण धडधाकट हाव, बसून जेवू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हॉटेलात शिरताना ते दारातच सगळ्यांना सलाम करत, वाढणाऱ्या पोराचं नाव विचारत आणि शेवटचा माणूस हात धुऊन येईपर्यंत घासाला हात लावत नसत. वाट बघताना पूर्णगडच्या खाडीत आपण एकट्याने ओढलेल्या माशाची गोष्ट सांगत. तो मासा दरवर्षी वाढत होता.

त्यांचं सगळंच मला पटत होतं असं नाही. मामू कंपनीला फार जपून असत. खरीफच्या हंगामात कंपनी रजा बंद करायची. त्याविरुद्ध मी अर्ज लिहिला, तेव्हा इतरांनी सह्या केल्या, मामूंनी केली नाही. घरात मोर्चा-चळवळींची पत्रकं वाचत मोठा झालेला मी. सही न करणारा माणूस मला भित्रा वाटायचा. मी तसं त्यांना तोंडावर म्हणालो. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला आणि विषय बदलला. त्या सहीबद्दलचा माझा राग अजून गेलेला नाही.

त्याच हंगामात रघूची आई गेली. रघू सावर्ड्याजवळचा, माळीकाम करणारा, आमच्या टेबलावरचा सगळ्यात बडबड्या गडी. रजा मिळाली नाही. आईचं शेवटचं दर्शन त्याने मोबाइलच्या पडद्यावर घेतलं. तिकडे पाऊस एवढा होता, की चित्र सारखं अडकत होतं. त्यानंतर तो टेबलावर यायचा थांबला. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचा. आम्ही पार्सलं आणायचो, ती सकाळी तशीच असायची. कामावर एकदा चक्कर येऊन पडला. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, जेवत नाही एवढंच.

"एकटा खाणारा माणूस हळूहळू खायचाच थांबतो," मामू मला म्हणाले. मग त्यांनी विचारलं, तुमच्यात आई गेल्यावर पुढे काय करतात? मी सांगितलं, की तेराव्याला माणसं जमतात, गोडाचं जेवण होतं, सुतक सुटतं, मग घरचे पुन्हा चार माणसांत वावरू लागतात. मामूंनी एवढंच पकडलं, की माणसं जमतात. तेराव्याच्या दिवशी त्यांनी रघूला अंथरुणातून उठवलं, स्वतः त्याची दाढी केली आणि आम्हा सगळ्यांना बसमध्ये घातलं.

हॉटेलच्या दारावर नवी पाटी लागली होती: फक्त कुटुंबांसाठी. हंगामात अशा पाट्या लागतात. कुटुंब नसलेला माणूस म्हणजे मजूर, आणि मजूर आत बसला तर पाहुणे नाराज होतात, असा हिशेब. ज्या हिरवळीवर ती कुटुंबं चटया पसरत होती, ती रघूने कापलेली होती. मॅनेजर आपल्याच देशातला. तो नरमाईने म्हणाला, पार्सल घ्या, लगेच बांधून देतो. मी पाटीचा फोटो काढला, हा जगभर पाठवतो म्हणालो, या हॉटेलावर बहिष्कार घाला म्हणून ओरडलो. मामूंनी माझा दंड धरला.

"पाठव. बहिष्कार बी घाल. पण पयलं ह्याला जेवू दे."

मग ते मॅनेजरकडे वळले. आम्हाला पार्सल नको, ताटात वाढा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मॅनेजर म्हणाला, जागा नाही. मामूंनी दारासमोरच्या पडवीकडे बोट दाखवलं, बसमधली प्लास्टिकची चटई आणली आणि तिथेच पसरली. आम्ही मांडी घालून बसलो. आत जाणाऱ्या कुटुंबांना आमच्या कडेने जावं लागत होतं. त्यांच्यातल्या कुणीही नाक मुरडलं नाही. काहींनी सलाम केला. मुरडणारं नाक एकच होतं, आणि ते आपल्या देशातून आलेलं होतं.

ताटं आली. भात, वरण, शेवयांची खीर, सगळं रीतसर. आणि मधोमध मोठ्या थाळीत डोक्यासकट तळलेली सुरमई. आम्ही हिंदू मंडळी एकमेकांकडे बघत राहिलो. तेराव्याला मासा! मामूंनी कोकणी माणसांचं जेवण मागवलं होतं. त्यात मासा नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. कुणीतरी हळूच सांगितलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला आणि हात थाळी मागे सारायला पुढे झाला.

"असू दे, मामू," रघू म्हणाला. कित्येक दिवसांनी त्याचा आवाज ऐकला. "डोकं आई घ्यायची. आम्हाला तुकड्या वाढायची नि म्हणायची, माला डोकाच आवडतो." त्याने थाळी आपल्याकडे ओढली. "खोटं बोलायची."

त्याने ते डोकं आपल्या ताटात घेतलं आणि जेवायला लागला. रडत जेवला, पण जेवला. मामू त्याच्याकडे न बघता आपल्या खाडीतल्या माशाची गोष्ट सांगत राहिले. पुढे कुणी त्या सुरमईवरून चिडवलं, तर ते मुळीच कबूल होत नसत. "तेराव्याला चालतो. तुमालाच ठाव नाय," असं ठणकावून सांगत.

हॉटेलवाल्याने तक्रार केली. कंपनीला जपणाऱ्या मामूंची बस काढून त्यांना पाण्याच्या टँकरवर घातलं. "टँकरला बी स्टेरिंग एकच," ते म्हणाले आणि पुढच्या गुरुवारी चटई घेऊन पुन्हा त्याच दारात गेले. त्याच्या पुढच्याही. रघू सोबत असायचा, आणि परत सगळ्यांच्या वर आवाज चढवून बोलायचा. शेवटी मॅनेजरने पडवीत दोन टेबलं टाकली. त्याचं मन बदललं म्हणून नव्हे. दारात पसरलेल्या चटईपेक्षा टेबलं बरी म्हणून. माझा पाटीचा फोटो बऱ्याच लोकांनी पाहिला. त्याने एकही खुर्ची हलली नाही.

मामू नोकरी सोडून पूर्णगडला परतले, त्यानंतर मीही रत्नागिरीत आलो. गेल्या पावसाळ्यात ते दम्याच्या औषधासाठी शहरात आले होते. बंदराजवळच्या खाणावळीत आम्ही जेवत होतो. मासेमारी बंद, होड्या वर ओढलेल्या, आणि त्या राखायला, जाळी विणायला थांबलेले नेपाळी खलाशी चिंब भिजून दारात आले. त्यांनी काही मागितलं नाही. मालकानेही काही विचारलं नाही. गल्ल्यावरून पार्सलच्या पिशव्या पुढे सरकल्या, एवढंच. तिथे पाटी नव्हती. गरजच नव्हती.

मामूंचा घास हातात राहिला. मालक त्यांच्या ओळखीचा. त्याचा भाऊ कुवेतला असतो.

"तुजा भाव तिकडं जेवतो कुठं रे?"

"हॉटेलात, चाचा."

"बसून?"

मालक फडक्याने गल्ला पुसू लागला. मामूंना धाप लागली होती, तरी ते उठले आणि बाक अर्धा मोकळा करून त्या पोरांना हाक मारली. दोघे पिशव्या घेऊन निघून गेले. दोघे लाजत आत आले आणि बसले. मामूंनी त्यांना गाव विचारलं, आईचं नाव विचारलं, पाऊस तुमच्याकडे कसा पडतो ते विचारलं.

भाद्रपदात ते गेले. पूर्णगडला त्यांना माती द्यायला रघू आणि मी भरपावसात उभे होतो.

पत्रकाच्या शेवटी एक मागणी असते. माझी मागणी तुमच्याकडे आहे, सरकारकडे नाही. या पावसाळ्यात तुमच्या गावच्या खाणावळीच्या दारात परमुलखातली माणसं पिशवीसाठी उभी दिसली, तर त्यांच्याकडे बघून मान खाली घालू नका. तुमच्या बाकावर जागा करा. त्यांना हाक मारा. आणि मालकाला मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा, की यांची ताटं इथे वाढा.