दाभणकाकांनी उसवलेले ग्रंथ

आमच्या विद्यापीठाच्या तळघरात पुस्तकबांधणीची खोली होती. खिडकी एकच, तीही फुटपाथाच्या पातळीला, त्यामुळे येणाऱ्याजाणाऱ्यांचे नुसते बूट दिसायचे. कोणाचे बूट कोणाच्या चपलांबरोबर चाललेत हे ओळखण्यात आमचा दुपारचा चहा मजेत जाई. मी वरच्या ग्रंथालयात कारकून; तिथली निम्मी लग्नं मला घरच्यांच्या आधी कळली ती अशी. शिजवलेल्या खळीचा तो आंबूस वास आजही कुठे आला, की पाय आपोआप थबकतात.

त्या खोलीचे राजे दाभणकाका. पुस्तकं दाभणाने शिवतो म्हणून हे नाव, असं ते सांगत. त्यांची जीभ ज्यांनी अनुभवली होती ते दुसरं कारण सांगत. इतिहासाचे विभागप्रमुख एकदा म्हणाले, "काका, माझं पुस्तक जरा लवकर बांधा." काका म्हणाले, "लिहायला अकरा वर्षं लावलीत साहेब, माझे अकरा दिवस तरी मोजू नका."

त्यांचा जीव अडकला होता तो मुख्य दालनातल्या लाल चामड्याच्या एकशे चाळीस ग्रंथांत. तरुणपणी एकट्याने बांधलेले. तीस वर्षांत एकाचीही पाठ वाकली नव्हती. निवृत्तीला दोन महिने उरले होते आणि निरोपसमारंभ त्या कपाटांपुढेच ठरला होता.

त्याच वर्षी सीमेपलीकडच्या एका विद्यापीठाशी आमचं जमलं. लढाईच्या काळात तिकडची माणसं धरून आणून आमच्या गावच्या कारखान्यात सक्तीने राबवली होती. तो इतिहास दोन्हीकडच्या मुलांनी एकाच वर्गात शिकायचा, शोधायचा. प्रत्येक कामगाराचं एक कार्ड असे. तीनशेपैकी जेमतेम वीस सापडली होती. बाकीची जळली असणार, असं सगळे धरून चालले होते.

तिकडून आलेल्या प्राध्यापक बाई एक फाटकं कार्ड सांधून घ्यायला तळघरात उतरल्या. मी चहा पीत तिथेच होतो. निळसर, चिवट, कोपऱ्यात भोक पाडलेलं कार्ड. काकांनी अंगठ्याने त्याची जाडी पाहिली, पुन्हा पाहिली.

"होईल ना नीट, काका?"

"होईल," एवढंच.

बाई वर गेल्यावर मला म्हणाले, "लढाईनंतर पुठ्ठा मिळत नव्हता. त्या कारखान्यातून रद्दीचे गठ्ठे आले. मी प्रत्येक कार्ड उभं चिरलं आणि पट्ट्या ग्रंथांच्या पाठीत भरल्या."

"वाचलं नव्हतंत?"

"जाडी पाहिली. बाइंडर जाडीच पाहतो."

मी म्हणालो, खोटं कशाला सांगू, "गप्प बसा. दोन महिन्यांनी भाषण ऐका आणि घरी जा."

घरी काय झालं ते काकूंनीच मला सांगितलं. त्यांच्या पोटात काही राहत नसे, म्हणून तर आमचं पटायचं. काका ताटावरून उठत म्हणाले, "सांगितलं तर सगळे ग्रंथ उसवावे लागतील." काकू म्हणाल्या, "आणि नाही सांगितलंत, तर त्या कपाटांपुढे स्तुती ऐकवेल? तुम्हाला खोटं बोललं की उचकी लागते."

दुसऱ्या दिवशी दोन ग्रंथ काखोटीला मारून काका थेट वर्गात शिरले. "कार्डं जळलेली नाहीत. मीच कापली," म्हणाले. मग त्यांनी स्वतःच एका ग्रंथाच्या पाठीला सुरी लावली. ओल्या फडक्याने खळ भिजवली, पट्टी सोडवली. तिच्यावर अर्धं नाव होतं. उरलेलं अर्धं कोणत्या ग्रंथात, देव जाणे.

निरोपसमारंभाला त्या कपाटांत एकही लाल पाठ उरली नव्हती. काका निवृत्त झाले आणि दुसऱ्याच सकाळी नऊला तळघरात हजर! पट्ट्या सोडवायचं काम त्यांनी मुलांना शिकवलं. कारखान्यातलं गिचमिड अक्षर आमची मुलं लावत, गावांची नावं तिकडची मुलं ओळखत. पट्टीला पट्टी जुळली की गलका व्हायचा.

पहिलं जुळलं ते एका एकोणीस वर्षांच्या मुलीचं कार्ड. बाईंनी नाव वाचलं. काकांनी म्हणून पाहिलं, चुकलं. "पुन्हा सांगा." पुन्हा चुकलं. शेवटी ते कागदावर लिहून घरी नेलं आणि घोकत बसले.

काकू म्हणाल्या, "अहो, चाळीस वर्षांत माझं नाव कधी तोंडातून आलं नाही, आणि या पोरीचं घोकताय!"

"तुझं मी कापलं नव्हतं," काका म्हणाले.

काकूंनी त्यांच्या हातातला कागद ओढून घेतला, चष्मा लावला. "हं, म्हणा. मी ऐकते."