चर्चच्या आवारातला सब्जा

असे गूढ अनुभव मी आजवर करमणूक म्हणून वाचत आलो. माझं शिक्षण मंडणगडजवळच्या खेड्यात, मराठी शाळेत झालं. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. सायन्सच्या सरांनी जे शिकवलं त्यावर माझी नोकरी उभी आहे, त्यामुळे हे लिहायला मला इतकी वर्षं लागली...

१९९७ साल. शारजात एका सर्व्हे ऑफिसात मी ड्राफ्ट्समन म्हणून नुकताच लागलो होतो, अजून प्रोबेशनवर होतो. आमचे इंग्लिश साहेब — त्यांना बार्कर म्हणू — एक दिवस त्यांच्या गावाचा जुना नकाशा घेऊन आले. चर्च, दोन पब, दगडी पूल, बंद पडलेली पाणचक्की. हे सगळं ट्रेसिंग पेपरवर नीट उतरवायचं होतं, आणि शेजारी चर्चच्या दफनभूमीचा मोठा प्लॅन, एक इंचाला वीस फूट.

कारण त्यांनीच सांगितलं. त्यांची आई चौऱ्याऐंशी वर्षांची, आजारी. तिचं पहिलं मूल जन्मतःच गेलं आणि त्याच आवारात कुठेतरी पुरलेलं होतं, वर दगडही नव्हता. तिला त्याच्या शेजारी जागा हवी होती. पण जुनी झाडं पडली, आता तिलाही जागा ओळखू येईना.

"नकाशा बघून कदाचित आठवेल," साहेब म्हणाले. "म्हणून आवार कोरं ठेव. मनाचं काही टाकू नकोस."

मी जीव ओतून काम केलं. आमचे सिनियर देसाई येता-जाता मला टोमणे मारायचे. "काय परकार, तू चहाच्या पुढे गेला नाहीस, आणि पब मात्र चर्चपेक्षा झकास काढलेस."

गुरुवारी दुपारी काम संपलं. सगळे जेवायला गेले होते. एसीच्या त्या कोरड्या हवेत मला अचानक सब्जाचा वास आला. आमच्या कोकणात कबरीवर सब्जा लावतात. पाणी घातल्यावर येणारा तो वास मी लहानपणापासून ओळखतो. उठून पँट्रीत बघितलं. काही नव्हतं. परत आलो, तर कोऱ्या आवारात, उत्तरेच्या भिंतीजवळ एक छोटं झुडूप काढलेलं. माझ्याच पेनाने, माझ्याच हातचं... शाई अजून ओली होती. काढल्याचं मात्र आठवत नव्हतं.

देसाई जेवून आले. "खलास. साहेबाच्या चर्चमध्ये माळी कुणी बोलावला? खरवड आधी."

मी ब्लेड उचललं तोच साहेब आले. "यल्ला, चल लवकर परकार, फ्लाइट आहे माझी."

"सर, एक चूक—"

"आल्यावर बघू." शाई वाळते न वाळते तोच कागद गुंडाळून ते गेले. नोकरी गेली असं धरूनच मी पुढचे दहा दिवस काढले.

परत आल्यावर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "हे झुडूप तुला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही सर. आमच्याकडे कबरीवर लावतात. सवयीने हात गेला असेल. सॉरी."

त्यांनी नकाशा टेबलावर पसरला. मग म्हणाले, आईने नकाशा मांडीवर घेतला आणि थेट त्या झुडपावर बोट ठेवलं. "माझी रोझमेरी." रोझमेरी म्हणजे तिकडचं एक सुगंधी झुडूप; बाळाच्या जागेवर ते तिने एकटीने जाऊन लावलं होतं, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मुळाशी स्वयंपाकघरातली एक निळी टाइल पुरली होती. प्लॅनवर ती जागा भिंतीपासून नऊ फुटांवर येत होती. साहेबांनी टेप लावून मोजलं, परवानगी काढून तिथलं गवत खणून काढलं. टाइल वीतभर खाली होती.

पुढच्या हिवाळ्यात त्यांची आई तिथेच विसावली.

देसाई अजून म्हणतात, योगायोग. मीही भिंतीची लांबी घेऊन, झुडूप नेमकं त्याच जागी पडण्याची शक्यता किती, याचं गणित मांडून बघितलं आहे. पण तो वास, ती ओली शाई... त्याचा हिशोब लागत नाही.

सुट्टीत गावी गेलो की आजोबांच्या कबरीवरच्या सब्जाला पाणी घालतो. एक तांब्या जास्तीचा ओततो. तो त्या उत्तरेच्या भिंतीजवळ कुणासाठी, ते मला माहीत आहे. पोचतो कसा, ते माहीत नाही.