न भरलेली ओटी

बाळांनो, एका संक्रांतीला तुमची आई माहेरी आली नाही. त्यामागे एक साडी होती.

पाथरी रस्त्यावरची कापसाची जिनिंग गिरणी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा कोर्टाने एका बाईंना अवसायक नेमले. जिनिंग विकून कामगारांचे थकलेले पगार आणि बँकेचे कर्ज भागवणे हे त्यांचे काम. त्या संभाजीनगरच्या, इथे आल्या की माझ्या वरच्या खोलीत भाड्याने राहत.

एका सकाळी तुमचे दुसरे आजोबा, म्हणजे माझे व्याही, पिशवी घेऊन आले. आत साडी, खण, नारळ.

"ईनबाई, जिनिंग मी घ्यायलोय. पुढच्या हप्त्यात लिलाव हाय. वरच्या बाईची वटी भरा तुमच्या हातानं. वटीला कुणी न्हाई म्हणतं का?"

"आणि तुम्ही कोण म्हणून सांगू?"

"गावाकडचे म्हणा की!"

एवढ्यात बाई जिना उतरल्या. "आजी, पाहुणे आलेत वाटतं?"

व्याही माझ्याकडे टक लावून पाहत होते. माझी मुलगी त्यांच्या घरात नांदत होती.

"हे माझे व्याही," मी म्हणाले. "तुमच्या लिलावात बोली लावणार आहेत. ही ओटी त्यांनीच आणली आहे."

बाईंनी नारळाला हात जोडले, पण पदर पुढे केला नाही.

"काका, ही घेतली तर मला कोर्टात जाब द्यावा लागेल आणि तुमची बोली बाद होईल."

"एवढ्या साडीनं?"

"साडीचं सोडा, मी इथं राहते त्यानंसुद्धा. आजी, खोली आजच सोडते."

"लय कायदा शिकवायलीय!" व्याही माझ्याकडे वळले. "घरच्याच माणसानं घात केला." पिशवी तिथेच टाकून ते निघून गेले.

बाई दुपारी लॉजवर गेल्या. ओटीची गोष्ट आणि माझ्याकडचा मुक्काम, दोन्ही त्यांनी स्वतःहून कोर्टाला लिहून कळवले. संक्रांतीला मी तिळगूळ करून वाट पाहिली. व्याह्यांनी तुमच्या आईला पाठवले नाही. फोनवरही ती दबकतच बोलली.

लिलावात व्याह्यांची बोली सर्वांत मोठी ठरली. हरलेल्या बोलीदाराने लगेच कोर्टात अर्ज टाकला: अवसायक बाई बोली जिंकणाऱ्याच्या विहिणीकडे राहत होती, विक्री रद्द करा. पण ते सगळे बाईंनी आधीच कळवलेले होते. कोर्टाने विक्री कायम ठेवली.

त्याच संध्याकाळी व्याही तुमच्या आईला घेऊन आले. चहा झाला.

"ईनबाई, ती साडी हाय का?"

"आहे."

"आता तर देता येईल की बाईला?"

"आताही नाही, भाऊ."

"मग ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले आणि कप पुढे केला. "अजून अर्धा टाका."